जुन्या पोकलेनची नाडी

आपल्याकडे खोदकामाला साखळीवर चालणारं कुठलंही मोठं यंत्र आलं, की लोक म्हणतात, 'पोकलेन आलं.' कुणी पोकलँड म्हणतं. यंत्रावर नाव कुठल्याही कंपनीचं असो, रंग पिवळा असो की नारिंगी, गावाच्या तोंडी ते पोकलेनच. हे नाव आलं फ्रान्समधून. जॉर्ज बाताय नावाच्या गृहस्थांनी १९२७ मध्ये तिथं ही कंपनी सुरू केली, आणि सुरुवातीला तिचं काम होतं शेतीच्या यंत्रांचं. १९५१ मध्ये तिनं तेलाच्या दाबावर चालणारं पहिलं खोदयंत्र काढलं आणि १९६१ मध्ये स्वतःभोवती पूर्ण फिरणारं. आपल्या देशात सत्तरच्या दशकात लार्सन अँड टुब्रोनं पोकलेनशी सहकार्य करून ही यंत्रं बनवायला घेतली. त्यांचं '९० सीके' हे मॉडेल जुन्या ऑपरेटरांना आजही पाठ आहे. पुढं पोकलेनचा खोदयंत्रांचा धंदा केस या अमेरिकी कंपनीकडे गेला. इकडे लार्सन अँड टुब्रोनं १९९८ मध्ये जपानच्या कोमात्सुशी भागीदारी केली आणि २०१३ मध्ये ती कंपनी पूर्णपणे कोमात्सुची झाली. त्यामुळे ज्या नावानं आपण खोदयंत्राला हाक मारतो, ते नाव आज कुठल्याच नव्या खोदयंत्रावर दिसणार नाही. नाव मात्र लोकांत राहिलं आणि काही जुनी यंत्रंही राहिली. ती चालती ठेवणं हा माझा व्यवसाय आहे.

मी मैंदर्गीत राहतो. अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकच्या सीमेजवळचं हे गाव. इथं बाजारात मराठी आणि कानडी दोन्ही चालतात आणि माझ्या गॅरेजमध्ये तर एकाच वाक्यात चालतात. वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ, अशी इथली जमीन. पाऊस बेभरवशाचा. १९७२ च्या दुष्काळात आमच्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडली, पाझर तलावांवर टिकाव-पाट्या घेऊन काम केलं. २०१२-१३ आणि त्यानंतर २०१५-१६ चा दुष्काळ आला, तेव्हा मात्र टिकावाची जागा यंत्रानं घेतलेली होती. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं. नाल्यांचं खोलीकरण, तलावातला गाळ काढणं, शेततळी या कामांना यंत्रांची इतकी मागणी आली, की वर्षानुवर्षं बांधाला उभी असलेली यंत्रंसुद्धा लोकांनी बाहेर काढली. त्यातली काही माझ्याकडे आली. एका बूमवर तर चिमण्यांनी घरटं केलेलं होतं.

असं यंत्र पुन्हा उभं करायचं, तर आधी ते चालतं कसं हे समजून घ्यावं लागतं. इंजिन पंप फिरवतं. पंप तेल ढकलतो. ऑपरेटर दांडा ओढतो तसं ते तेल कंट्रोल व्हॉल्व्हमधून ठरलेल्या जॅककडे जातं आणि जॅकची दांडी पुढं-मागं होते. सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञानं सांगितलेलं तत्त्व तेच, कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो. आजच्या वीस टनी यंत्रात हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५० किलो असतो. १२ सेंटिमीटर व्यासाच्या जॅकचं क्षेत्रफळ ११३ चौरस सेंटिमीटर भरतं. गुणाकार करा. एकटा जॅक सुमारे साडेएकोणचाळीस टनांचा जोर लावतो. जुन्या यंत्रांत दाब यापेक्षा कमी, पण हिशेब तोच.

ही सगळी ताकद तेलाच्या शुद्धतेवर उभी आहे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. पंपाच्या आतल्या भागांमधली फट त्याच्या कितीतरी पट कमी. तिथं धुळीचा डोळ्याला न दिसणारा कणसुद्धा कानस घासल्यासारखं काम करतो. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो, काळ्या मातीचा फुफाटा उडतो, तेल गरम होऊन पातळ होतं आणि रबरी सील कडक पडतात. म्हणून माझ्याकडे मुलगा कामाला लागला, की पहिला महिना त्याला पाना देत नाही. तेलाच्या टाकीचं झाकण उघडण्याआधी आजूबाजूची माती पुसायची, उघडलेल्या प्रत्येक पाइपाच्या तोंडाला टोपण लावायचं, एवढंच काम देतो.

यंत्र आजारी आहे हे कसं ओळखायचं? बूम उंच करून इंजिन बंद करतो, जॅकच्या दांडीवर खडूनं खूण करतो आणि दहा मिनिटं थांबतो. दांडी किती सरकली ते पट्टीनं मोजतो. जास्त सरकली, तर सील गेलं किंवा व्हॉल्व्ह झिजला. पंपातून गळून टाकीकडे परत जाणारं तेल एका बाटलीत धरतो आणि हातात घड्याळ घेतो. मिनिटाला किती तेल आलं, यावरून पंपाचं वय कळतं. जुना फिल्टर कापून त्याची घडी उलगडतो आणि त्यावरून लोहचुंबक फिरवतो. चुंबकाला चिकटलं ते लोखंड. पिवळे चकाकणारे कण चिकटले नाहीत, तर ती पंपाच्या पोटातली पितळ-कांस्याची झीज. तेल ताकासारखं दिसलं, तर त्यात पाणी. जळकट वास आला, तर ते कुठंतरी फार तापतंय. हे सगळे आकडे मी प्रत्येक यंत्राच्या वहीत तारखेसह लिहितो. ती वही म्हणजे यंत्राची जन्मपत्रिका. फरक एवढाच, की हिच्यातलं भाकीत खरं ठरतं.

या कामात एक धोका आहे आणि तो जुन्या-नव्या दोन्ही यंत्रांना लागू आहे. होज पाइपाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, तर त्यातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम मुंगी चावल्यासारखी दिसते. माणूस फडकं बांधून काम करत राहतो आणि दोन दिवसांत बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. गळती कधीही हातानं चाचपू नका, पुठ्ठा धरा. पाइप खोलण्याआधी बकेट जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा आणि दांडे हलवून अडकलेला दाब सोडा. आणि तेल कातडीत शिरलंच, तर दुखत नसलं तरी त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि काय घडलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

जुन्या यंत्राचे सुटे भाग मिळतात का, असं लोक विचारतात. कंपनीकडे बहुधा मिळत नाहीत. पण जुनं यंत्र अशा वस्तूंचं बनलेलं आहे, की त्या घडवता येतात. होज पाइप सोलापुरात मापानं दाबून मिळतो. पिन आणि बुश अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवर बनतात. जॅकची दांडी खरचटली, तर घासून पुन्हा हार्ड क्रोम चढवता येतं. सीलचा नमुना दिला, की तसंच सील कातून मिळतं. साखळीच्या पिन-बुश एका बाजूनं झिजल्या, की काढून अर्धा फेरा फिरवायच्या आणि न झिजलेली बाजू कामाला लावायची. झिजलेल्या बकेटवर कडक रॉडनं वेल्डिंगच्या रेघा ओढायच्या. उरलेलं भंगारातल्या दुसऱ्या यंत्रातून येतं.

आता नव्या यंत्राकडे वळू. जुन्याच्या प्रेमापोटी नव्याला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. बऱ्याच जुन्या यंत्रांत काम असो वा नसो, पंप तेवढंच तेल ढकलत राहतो. न वापरलेलं तेल टाकीत परत जातं आणि त्यात जाळलेल्या डिझेलची नुसती उष्णता होते. नवा पंप गरजेइतकंच तेल देतो. ऑपरेटरनं हात काढला, की इंजिन आपोआप मंद होतं. त्यामुळे तेवढ्याच डिझेलमध्ये जास्त माती निघते. धूरही कमी. आपल्या देशात अशा यंत्रांसाठी धुराचे नवे कडक नियम २०२१ मध्ये आले आणि त्याहून कडक २०२५ मध्ये.

त्याहून मोठा फरक ऑपरेटरच्या खुर्चीत आहे. जुन्या यंत्राचे दांडे थेट व्हॉल्व्हला जोडलेले. दिवसभर ओढून खांदे भरून यायचे. केबिनमध्ये इंजिनाचा आवाज आणि भट्टीसारखी उष्णता. त्या काळच्या कितीतरी ऑपरेटरांशी आज मोठ्यानं बोलावं लागतं, त्यांचे कान यंत्रानं नेले. नव्या यंत्रात बोटांनी हलणाऱ्या जॉयस्टिक आहेत, बंद केबिन आहे, एसी आहे. मे महिन्यात आमच्या भागात दहा तास यंत्र चालवणाऱ्या पोराला एसी म्हणजे चैन, असं म्हणणाऱ्यानं एक दिवस जुन्या केबिनमध्ये बसून पाहावं.

मग अडचण कुठं आहे? ती दुरुस्तीत आहे. एका मे महिन्यात तलावाच्या कामावर एक नवं यंत्र अचानक मंदावलं. इंजिन ठणठणीत, पंप ठणठणीत. पडद्यावर एक आकडा झळकत होता आणि कॉम्प्युटरनं इंजिनाची ताकद कमी करून ठेवली होती. त्या आकड्याचा अर्थ आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हता. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन तिसऱ्या दिवशी आला. उंदरानं एका सेन्सरची वायर कुरतडली होती. जोडायला दहा मिनिटं लागली. मधले तीन दिवस मात्र टिपर उभे, माणसं बसून आणि आभाळात ढग जमायला लागलेले. आमच्याकडे ही कामं मृगाच्या आत उरकावी लागतात. पाऊस पडला, पेरणी झाली, की यंत्र शेतातून नेता येत नाही. तीन दिवसांची किंमत त्या दिवसांत फार असते.

उलट बाजूही सांगतो. त्याच्या पुढच्या वर्षी एका जुन्या यंत्राचा पंप गेला. दोष काय आहे, ते अर्ध्या तासात कळलं. पण आतला घटक मिळवायला, घासून बसवायला तीन आठवडे गेले आणि त्या मालकाचा हंगाम गेला. जुन्याचं दुखणं लवकर कळतं, औषध उशिरा मिळतं. नव्याचं औषध दुकानात तयार असतं, दुखणं कळायला मात्र परवानगी लागते.

ही परवानगीची गोष्ट आता जगभर बोलली जाते. शेतीची यंत्रं शेतकऱ्याला स्वतः किंवा गावच्या मिस्त्रीकडून दुरुस्त करता यावीत, यासाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यानं २०२३ मध्ये कायदा केला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं हे विषय घेतले. खोदयंत्रालाही हाच न्याय लागू व्हावा, असं मला वाटतं. लाखो रुपयांचं कर्ज काढून घेतलेल्या यंत्राच्या पडद्यावरचा आकडा मालकाला वाचता येऊ नये, हे बरोबर नाही.

मला कुणी विचारलं, नवं घेऊ की जुनं, तर मी आधी विचारतो, वर्षाला काम किती तास आहे? मोठ्या ठेक्यावर रोज दहा तास चालणार असेल, तर नवं घ्या. डिझेलची बचत हप्त्याला हातभार लावेल. आपली आणि शेजारपाजारची कामं, वर्षाचे तीन-चारशे तास एवढंच असेल, तर नीट राखलेलं जुनं यंत्र परवडतं. बँकेचा हप्ता यंत्र उभं असतानाही चालूच असतो. जुनं घेताना रंग पाहू नका. बूम उचलून खडूची खूण करा, फिल्टर कापायला सांगा, साखळी आणि रोलरची झीज मोजा. खालच्या भागाची दुरुस्ती सगळ्यात महाग पडते. आणि नवं घेताना विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. जवळचा मेकॅनिक किती तासांत पोचेल? पडद्यावरच्या आकड्यांची यादी देणार का? हायड्रॉलिकचा नकाशा देणार का? उत्तरं तोंडी नकोत, कागदावर घ्या.

माझ्याकडे सध्या दोन मुलं शिकतात. दोघंही आयटीआय झालेली. त्यांना मी बाटली आणि घड्याळ हातात देऊन पंप तपासायला शिकवतो आणि ती मला लॅपटॉपवरचा आलेख वाचायला शिकवतात. परवा नव्या यंत्राच्या पडद्यानं पंपाचा दाब कमी दाखवला. मुलांनी पडद्यावर विश्वास न ठेवता गेज लावून पाहिलं. दाब पुरेपूर होता, सेन्सर खोटं बोलत होता. पंप खोलायचा खर्च वाचला. जुन्या यंत्रावर हात बसलेला माणूस नव्या यंत्रालाही लागतो, तो असा. आपल्या गावात असा मिस्त्री असेल, तर त्याच्याकडे दोन पोरं शिकायला पाठवा, एवढीच विनंती.