आत्मविश्वास कोण घडवतो?



‘आत्मविश्वास बाळगा’ हा उपदेश प्रत्येक शाळेच्या निरोपसमारंभात होतो. परंतु आत्मविश्वास उपदेशाने येत नाही; तो घडवावा लागतो, आणि समाज तो मोडूही शकतो.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ साली ‘हे मला जमेल’ या विश्वासाची चार उगमस्थाने सांगितली : स्वतः मिळवलेले यश, आपल्यासारख्या दुसऱ्याचे पाहिलेले यश, इतरांनी दिलेला धीर आणि स्वतःच्या मनाची व शरीराची स्थिती. असा विश्वास असलेले मूल अवघड गणिताशी झुंजत राहते. नसलेले आधीच पाटी खाली ठेवते. यातील एकही गोष्ट मूल एकट्याने निर्माण करू शकत नाही.

बुलढाण्याला याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. ताराबाई शिंदे येथल्याच. मुलींच्या शिक्षणाला समाजाची मान्यता नसलेल्या काळात वडील बापूजी हरी शिंदे यांनी त्यांना घरीच शिकविले. त्या बळावर १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निर्भीड ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुले मात्र ‘सत्सार’मधून पाठीशी उभे राहिले. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाल्याचे ज्ञात नाही. घराने दिलेला विश्वास समाजाने कसा थकविला असेल, याची कल्पना यावरून करावी.

ही केवळ गतकाळाची गोष्ट नव्हे. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर नसताना दलित व सवर्ण मुले जवळपास बरोबरीने उतरली. सर्वांसमक्ष जात उच्चारताच दलित मुलांची कामगिरी घसरली. बुद्धी तीच होती. बदलली ती वागणूक.

म्हणून शिष्यवृत्तीच्या यादीसाठी भरवर्गात जात विचारून मुलाला उभे करणे किंवा त्याच्यावर ‘ढ’ असा शिक्का मारणे ही किरकोळ चूक मानता येणार नाही. तो शिक्षणहक्कावरील घाला आहे. जळगाव जामोद, संग्रामपूरच्या सातपुडा पायथ्याच्या वाड्यांतील मुलाला पेलेल असे पहिले उदाहरण द्यावे, मग त्याहून अवघड द्यावे. त्याच्याच वाडीतून शिकून गेलेल्या मुलीला वर्गात बोलवावे.

मात्र शिक्षक व पुस्तके न देता नुसता विश्वास मागणे ही फसवणूक ठरेल. मुलाने स्वतःवर विश्वास ठेवावा, ही अपेक्षा करण्यापूर्वी समाजाने त्याच्यावर ठेवावा.