मनुष्यबळ-अधिकारी आणि त्यांची नियतकालिके
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



अडतीस वर्षे खडू-फळ्याची सेवा केलेल्या व शालान्त परीक्षेपुरते शिकलेल्या माझ्यासारख्या मास्तराने कारखाने-कचेऱ्यांच्या कारभाराविषयी बोलावे, हे आपणांस काहीसे विचित्र वाटेल. परंतु आपल्या ज्ञातीतील कित्येक मुलेमुली आज 'एच. आर.' खात्यात अधिकारपदावर आहेत. पूर्वी ज्यांस 'पर्सोनेल ऑफिसर' म्हणत, तेच हे. भरती, पगार, रजा, तक्रारी, निवृत्तीची देणी हे सारे त्यांच्या हातून जाते. त्यांनी आपल्या व्यवसायाची नियतकालिके का वाचावीत, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम एक घरचीच गोष्ट सांगतो. ती माझ्या पुतण्याची आहे आणि त्याच्या अनुमतीनेच सांगत आहे. २०१७ साली तो एका कारखान्यात या खात्याचा अधिकारी होता. तेथील एक बाई पहिल्या बाळंतपणासाठी फेब्रुवारीअखेर रजेवर गेली. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे रजा १२ आठवड्यांची होती. १ एप्रिलपासून ती २६ आठवड्यांची झाली. ही बातमी पुतण्याने वर्तमानपत्रात वाचली होती. परंतु नवा नियम पुढे रजेवर जाणाऱ्या स्त्रियांपुरता आहे, अशी त्याची समजूत झाली. त्या दिवशी आधीच रजेवर असलेल्या स्त्रियांनाही वाढीव लाभ मिळेल, असा खुलासा केंद्रीय श्रम मंत्रालयाने त्याच महिन्यात केला होता. तो त्याला ठाऊक नव्हता.

मे महिन्यात ती बाई कामावर रुजू झाली. खुलासा छापलेला मासिकाचा अंक मात्र पुतण्याच्या कपाटावर वेष्टनासकट पडून होता! जूनमध्ये आवराआवर करताना त्याने तो फोडला. त्याच दिवशी तो वरिष्ठांकडे गेला आणि उरलेली १४ आठवड्यांची रजा त्याने मंजूर करून घेतली. परंतु तोवर तिचे तान्हे मूल वरच्या दुधावर गेले होते. "काका, रजा परत देता आली, ते दिवस देता आले नाहीत," असे तो मला म्हणाला.

मित्रहो, वर्तमानपत्र आणि व्यावसायिक मासिक यांतील भेद या गोष्टीत आहे. कायदा बदलला, हे वर्तमानपत्र सांगते. तो कोणास लागू, कधीपासून आणि हिशेब कसा करावयाचा, हे मासिक सांगते.

ही परंपरा आपल्याकडे नवी नाही. मुंबई इलाख्याच्या लेबर ऑफिसने १९२१ साली 'लेबर गॅझेट' हे मासिक सुरू केले. कामगारांच्या राहणीखर्चाचे निर्देशांक त्यात प्रसिद्ध होत. दिल्लीच्या श्रीराम सेंटरचे औद्योगिक संबंधांवरील इंग्रजी त्रैमासिक १९६५ पासून निघत आहे.

आज तर या वाचनाची निकड अधिकच आहे. २९ जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या ४ संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांत वेतनाची नवी व्याख्या आहे. वगळण्याजोगे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनात धरावयाची. ग्रॅच्युइटीची आकडेमोड या वेतनावरच होते. आम्ही शाळेत व्यवहारी गणित शिकवीत असू, तेव्हा रीत पाठ करून मुलांस हिशेब येत नसे. उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवावे लागे. चांगले मासिक हेच फळ्याचे काम करते.

मात्र छापील ते सारेच प्रमाण मानू नये. कित्येक लेख जाहिरातीचेच दुसरे रूप असतात. परदेशातील एखादी पद्धत तेथे शोभते म्हणून आपल्या कारखान्यात रुजेलच असे नाही. आणि कायद्याच्या बाबतीत मासिक ही केवळ वाट दाखविणारी पाटी होय. अखेर मूळ राजपत्र उघडून पाहिलेच पाहिजे.

आमच्या शाळेत 'जीवन शिक्षण' मासिक येई. पुष्कळदा ते मुख्याध्यापकांच्या कपाटातच राही. मीही त्याला अपवाद नव्हतो, हे कबूल करतो. पुढे मी दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास वाचनास ठेवला आणि उपयुक्त मजकुराची नोंद वहीत करू लागलो. तरुण मित्रांनो, एवढा नियम आपणही पाळावा. अंक आला की वेष्टन त्याच दिवशी फोडावे, नोंद ठेवावी, आणि वाचलेले हाताखालच्या कारकुनासही सांगावे.

मंडळास माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या वाचनालयात अशा एक-दोन नियतकालिकांची वर्गणी भरावी. जो पगार घेतो, त्यालाही आपला हक्क तेथे वाचता येईल. अधिकाऱ्याच्या एका सहीवर एखाद्या घराचे सुखदुःख अवलंबून असते. ती सही जाणतेपणाने व्हावी, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.