गणित स्वतः शिकताना
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



गणितावर बोला असे मला सांगण्यात आले तेव्हा थोडे हसूच आले. नववीच्या सहामाहीत मला गणितात 100 पैकी 11 गुण होते. उत्तरपत्रिका देताना, "हा विषय तुझ्यासाठी नाही," असे शिक्षकांनी सर्वांदेखत सांगितले आणि मला ते पटलेही. आमच्या घरात तसे आधी घडलेच होते. माझी आपा सातवीत गणितात नापास झाली आणि अब्बांनी तिची शाळा बंद केली. पुढे तीस वर्षे मोहल्ल्यातल्या बायकांच्या भिशीचा हिशेब तिने एका पैशाची चूक न करता सांभाळला. गणितात कच्ची म्हणून जिला शाळेतून काढले, तिच्याच हाती सगळ्यांचे पैसे! यात काही विसंगती आहे, असे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नाही.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मला मामूंच्या सुतारकामाच्या दुकानात बसवले. मामू चौथीपर्यंत शिकलेले. एके दिवशी त्यांनी विचारले, "पाच सूत जाडीच्या फळीवर पाऊण इंचाची फळी ठेवली, तर दोन्ही मिळून जाडी किती?" इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत, हे मला ठाऊक होते. तरी मी गप्प. मामू म्हणाले, "अरे, पाऊण इंच म्हणजे सहा सूत. पाच आणि सहा अकरा. एक इंच तीन सूत." एवढे बोलून ते रंधा मारू लागले.

मी मात्र तिथेच अडकलो. वर्गात पाच-अष्टमांश अधिक तीन-चतुर्थांश अशी बेरीज आली की मी अंशात अंश, छेदात छेद मिळवून आठ-द्वादशांश लिहीत असे. आठ-द्वादशांश म्हणजे दोन-तृतीयांश, म्हणजे पाऊण इंचाहूनही कमी. दोन फळ्या एकमेकींवर ठेवल्या आणि त्या एकीपेक्षा पातळ झाल्या! छेद समान करणे म्हणजे दोन्ही फळ्या सुतात मोजणे, एवढेच ते होते.

माझी गाडी पाचवीच्या अपूर्णांकांत अडली होती आणि त्यावर चार वर्षांचे गणित रचले गेले होते. रद्दीवाल्याकडून पाचवीचे पुस्तक आणले. नववीतला मुलगा पाचवीचे पुस्तक वाचतो हे कोणी पाहू नये म्हणून त्याला वर्तमानपत्राचे वेष्टन घातले. रोज मगरिबनंतर एक तास बसायचे. पुस्तकात सोडवून दाखवलेले उदाहरणसुद्धा हाताने झाकायचे, आधी स्वतः करायचे, मग त्यांची रीत पाहायची. अडले तर लगेच उत्तर उघडायचे नाही, रात्रभर तसेच राहू द्यायचे. एकदा असेच सोडून दिलेले उदाहरण सकाळी नळाच्या रांगेत हंडा घेऊन उभा असताना सुटले. गोडी लागली ती त्या दिवशी. वार्षिक परीक्षेत 38 गुण मिळाले. फार नव्हेत, पण ते माझे होते.

दहावीनंतरही वर्गसमीकरणाचे सूत्र मी नुसते पाठ म्हणत असे. ते कुठून आले हे पुष्कळ वर्षांनी अल-ख्वारिझ्मीच्या आकृतीने दाखवले. खलिफा अल-मामून (813 ते 833) याच्या काळात बगदादमध्ये त्याने जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातल्या 'अल-जब्र' या शब्दावरून अलजिब्रा हे नाव आले. वारसाहक्काचे वाटे, व्यापार, जमिनीची मोजणी यांत लोकांना उपयोग व्हावा म्हणून त्याने तो लिहिला. वारसाच्या उदाहरणांचा त्यात मोठा भाग आहे. आपण समारंभातून हे नाव अभिमानाने घेतो, पण त्याची आकृती मुलांना क्वचितच कोणी काढून दाखवतो. ती आता काढू या.

त्याचे उदाहरण असे: एका संख्येचा वर्ग आणि त्या संख्येची दहापट मिळून 39 होतात, ती संख्या कोणती? एक चौकोन काढा. त्याची बाजू म्हणजे आपली संख्या. दहापटीचे दोन सारखे भाग करून चौकोनाच्या उजवीकडे आणि खाली 5 रुंदीची एकेक पट्टी जोडा. चौकोन आणि दोन पट्ट्या मिळून क्षेत्रफळ 39. आता कोपऱ्यात एक जागा रिकामी दिसेल. ती 5 गुणिले 5, म्हणजे 25. ती भरली की मोठा चौकोन पुरा होतो: 39 अधिक 25, म्हणजे 64. त्याची बाजू 8. त्यातून पट्टीचे 5 वजा केले की उरले 3. पडताळा पाहा: 9 अधिक 30, बरोबर 39. सूत्राचा जन्म त्या रिकाम्या कोपऱ्यात आहे.

पालकांना एक विनंती. "आम्हालाच गणित कधी आले नाही, यांना कुठून येणार?" हे वाक्य मुलांसमोर उच्चारू नका, मुले ते वारसाहक्कासारखे घेतात. तुम्हाला गणित येण्याची गरज नाही. जवळ बसा आणि म्हणा, "बेटा, हे तू कसे केलेस ते मला सांग." सांगता सांगता मुलाला स्वतःची चूक सापडते, आणि मुलीलाही. मुलीचे नाव मुद्दाम घेतो आहे.

ज्यांना अभ्यास नको, खेळ हवा, त्यांच्यासाठी देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांची गंमत आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि पुन्हा तेच. 3524 घेतले तर 5432 वजा 2345, उरले 3087. मग 8730 वजा 0378, म्हणजे 8352. मग 8532 वजा 2358, म्हणजे 6174. पुढे कितीही करा, 6174 च येते. फार तर सात वजाबाक्या लागतात. मी हे आपाला दाखवले तेव्हा तिने वाण्याच्या बिलामागे तीन निरनिराळ्या संख्या करून पाहिल्या, आणि मग मलाच विचारले, "पण असे का होते?" सातवीत तिला कोणी हा प्रश्न विचारू दिला असता तर!

आज घरी गेल्यावर करण्यासाठी एक उदाहरण देतो. एका संख्येचा वर्ग आणि तिची सहापट मिळून 40 होतात. सूत्र वापरू नका. चौकोन काढा, पट्ट्या जोडा आणि रिकामा कोपरा शोधा.