सव्वा मूठ लेकीच्या नावाची
(खानदेशातील एका महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'लहान मूल आणि घरातल्या नव्या प्रथा' असा विषय मला दिला आहे. ऐकायला गोड आहे. पण जुन्या प्रथांमध्ये मुलं काय शिकतात ते आधी पाहू, म्हणून मी कानबाईपासून सुरुवात करते.

जळगाव-धुळ्याच्या बायांना कानबाई सांगायला नको. पण पुण्या-मुंबईच्या काही मैत्रिणी इथं बसल्या आहेत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. सुरतेला पोटासाठी गेलेली भाऊबंदकी त्या दिवसासाठी गावाकडे येते. नारळाची कानबाई सजवतात, रात्रभर जागरण, सोमवारी वाजतगाजत विसर्जन, आणि त्यात बाया रस्त्यावर मनसोक्त नाचतात. वर्षात एरवी ती मुभा कुठे असते? मला हा सण फार आवडतो हे आधीच सांगून ठेवते.

तर या सणाला रोट करतात. त्यासाठी गहू आणि हरभऱ्याची डाळ मोजून घेतात, माणशी सव्वा मूठ. माणशी म्हणजे कोण? बऱ्याच घरांत घरातले पुरुष. आजोबांची सव्वा मूठ, बापाची, काकांची, पाळण्यातल्या तान्ह्या पोराचीसुद्धा. निवडायचं, दळायचं, मळायचं, लाटायचं बायांनी. पण मोजणीत त्या नाहीत.

आता चार वर्षांची मुलगी त्या सुपाशेजारी बसलेली असते. लहान मुलांना मोजायची भारी हौस. ती बघते, दादाची मूठ पडली, बाळाची पडली. मग विचारते, "माझी?" बहुतेक घरांत कुणी रागावत नाही. हसून म्हणतात, "तू परक्यानी शे ना माय, तुन्ही मूठ कसाले?" लाडानंच म्हणतात. पुढच्या वर्षी ती विचारत नाही. आणि तिचा भाऊही शिकतोच, की आपली मूठ न मागता पडते.

एवढ्याशा धान्यावरून काय वाद घालायचा, असं आपल्यातल्याच काही जणी म्हणतील. पण २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ८८० होत्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राचा कायदा १९८८ चा आणि देशाचा १९९४ चा, तरी हे झालं. सोनोग्राफीच्या खोलीत जे घडतं ते रोटांमुळे घडतं असं मी म्हणत नाही. त्यामागे हुंडा आहे, जमीन आहे, डॉक्टरचा धंदा आहे. पण कोणाला मोजायचं आणि कोणाला नाही, याची सवय घरातच लागते.

जमिनीचंही तेच. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली केंद्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं मिळतो, त्यासाठी २००५ मध्ये बाप जिवंत असायला हवा असं नाही. तरी माहेरी आलेली बहीण तहसिलात जाऊन हक्कसोडपत्रावर सही करते, वर साडी घेऊन समाधानानं परतते. जिची सव्वा मूठ कधी पडलीच नाही, तिला सातबाऱ्यावरून नाव गेल्याचं नवल कसं वाटणार?

म्हणून नवी प्रथा इथून सुरू करू. लेकीच्या नावाची सव्वा मूठ, सुनेची, सासूचीही. देवीचा कोप होईल म्हणतात. अहो, कानबाई स्वतः बाई आहे! सासूबाईंशी भांडून मात्र करू नका. त्यांना विचारा, "तुमची मूठ कधी कोणी घातली का?" बऱ्याचदा तिथंच त्या गप्प होतात आणि काम सोपं होतं. घरात नवऱ्याचा धाक असेल आणि उघड जमत नसेल, तर मुलीच्या हातानं धान्य मोजून घ्या. तेवढंही चालेल.

आपल्या चळवळीतल्या काही मैत्रिणी म्हणतात, कर्मकांडच नको. ज्यांची श्रद्धा नाही त्यांनी करू नये. पण सण काढून टाकून घर रिकामं ठेवलं, की मूल शेजारच्या घरी जातं आणि तिथलं सगळं घेऊन येतं. मुलांना गाणं हवं, खाऊ हवा, दरवर्षी तेच पुन्हा व्हायला हवं.

भुलाबाई घ्या. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात, डबा हलवून खाऊ ओळखतात. त्या गाण्यांत सासरचा जाच आहे म्हणून ती बंद करू नका. म्हणा, आणि नंतर पोरींना विचारा, त्या सुनेनं काय करायला हवं होतं? पोरी काय काय उत्तरं देतात बघा. मुलग्यांनाही बसवा, आणि एक दिवस खाऊ बापानं करायचा. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या लेकानं, सोपानदेवांनी, कान देऊन ऐकल्या, उतरवून घेतल्या, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आईचं ऐकणारा मुलगाही घडवावा लागतो!

आखाजीला पितरांची घागर भरतो. त्या वेळी आजीचं, पणजीचं नाव मुलांना मोठ्यानं सांगा. कित्येकींना आपल्या पणजीचं नाव माहीत नाही, आजोबांचे आजोबा मात्र पाठ. नावावरून आठवलं, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत बाळाचं नाव, मग आईचं, मग बापाचं आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्र सरकारनं ठरवला आहे. कागदावर येईल तेव्हा येईल, बारशाला आत्यानं कानात नाव सांगताना आईचं नावही घ्यायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

मुस्लिम आणि आदिवासी मैत्रिणींच्या घरांत मोजणी कुठं होते ते त्यांनीच सांगावं, मी त्यांच्या वतीनं बोलणार नाही. मागे अमळनेरच्या बाया केव्हाच्या हात वर करून बसल्या आहेत. त्यांच्यापैकी दोघींनी गेल्या श्रावणात लेकींची मूठ घातली. भाऊबंद काय म्हणाले, रोट कोणी खाल्ले नि कोणी नाही, हे त्यांच्याच तोंडून ऐकू या. माईक तिकडे द्या.