हुपरीच्या रंगमंचावर 'शारदा'



हौशी मंडळींनी संगीत नाटक करावयाचे मनात आणले की कोल्हापूरकडे पहिले नाव निघते ते 'मानापमाना'चे. ते साहजिकही आहे. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या 'संयुक्त मानापमाना'त बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर म्हणून उभे राहिले ते कोल्हापूरचे केशवराव भोसले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले. अशा नाटकाचा मोह कोणाला पडणार नाही? परंतु त्यातील पदांना वर्षानुवर्षे कमावलेला गळा लागतो. दिवसभर भट्टीपुढे किंवा यंत्रमागावर राबून रात्री तालमीला येणाऱ्या माणसाने ती पेलायला जाणे म्हणजे ऐपत नसताना बड्या घरची सोयरीक करण्यासारखे आहे.

हुपरीसारख्या गावाने 'शारदा' करावे. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे हे नाटक १८९९ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याआधीची गाजलेली संगीत नाटके शकुंतला-सुभद्रेच्या कथांवर उभी होती. देवलांनी साध्या भटाभिक्षुकांच्या घरात काय चालते ते दाखविले. पदेही घरात, ओसरीवर सहज गुणगुणता येतील अशी. स्वतः केशवराव प्रथम नावारूपाला आले ते कोवळ्या वयात वठविलेल्या शारदेमुळेच. सुधारणेची शेकडो व्याख्याने झाली असतील, पण ती ज्या माजघरात पोहोचली नाहीत तेथे शारदेची पदे पोहोचली.

कथा सर्वांना ठाऊक आहे. भुजंगनाथ नावाच्या धनिक म्हाताऱ्याला बोहल्यावर चढायचे आहे, भद्रेश्वर दीक्षित दलाली करतो आणि कांचनभट पैशांच्या लोभाने पोटची पोर त्याला द्यावयास निघतो. देवलांनी बापाचे नाव उगीच कांचनभट ठेवलेले नाही. हुपरीच्या प्रेक्षकाला हा सौदा समजावून सांगावा लागणार नाही. येथे चांदी वजनावर दिली जाते, माल वजनावर घेतला जातो आणि कारागिराची मजुरीही बहुधा वजनावरच ठरते. पैंजणाची कडी न् कडी जोडणाऱ्या बाईच्या श्रमाचे मोल काट्यावर किती भरते, हे ज्या गावाला माहीत आहे त्याला मुलीचा भाव ठरविणारा दलाल चटकन ओळखू येईल.

'हा विषय जुना झाला, आता जरठ-कुमारी विवाह कोठे होतात?' असा आक्षेप येईल. पंचाहत्तर वर्षांच्या नवरदेवाचे सोडून द्या. १९२९ च्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरविले, १९४९ मध्ये ते १५ झाले आणि १९७८ मध्ये १८. २००६ साली आणखी कडक कायदा आला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झालेले आढळले. म्हणजे पाचांतील एकीहून अधिक. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर मागे ठेवावी? यात बापाचा लोभच असतो असे नाही, पुष्कळदा नुसती भीती असते. म्हणून आजच्या नटाने कांचनभट केवळ खलपुरुष म्हणून रंगवू नये. त्याच्या घरातले दारिद्र्यही दिसू द्यावे. साखर कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्या गावाला हे सांगणे न लगे.

नाटकाची एक बाजू लंगडी आहे, तीही झाकू नये. ते लग्न मोडते कशाने? शारदेच्या नकाराने नव्हे, तर वधू-वर सगोत्र निघतात म्हणून. म्हाताऱ्याशी लग्न हा अधर्म ठरत नाही, गोत्र जुळणे हा ठरतो! देवलांना आपला प्रेक्षक माहीत होता. शास्त्राचा काटा शास्त्रानेच काढावा लागेल हे त्यांनी ओळखले. काही उत्साही दिग्दर्शक हा प्रवेश बदलू पाहतील. तसे करू नये. तो आहे तसाच करावा, आणि भर मांडवात सगळे पुरुष गोत्राचा खल करीत असताना शारदा कोठे उभी आहे, ते प्रेक्षकांना दिसेल असे तिला उभे करावे. त्यानंतर ती जीव द्यायला का निघते हे वेगळे सांगावे लागणार नाही. पदांची काटछाट मात्र खुशाल करावी. सगळी पदे म्हटली तर पहाट होईल.

आता शारदा कोण करणार? ही खरी अडचण आहे. एके काळी पुरुषच स्त्री-भूमिका करीत. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ साली स्वतःची नाटक मंडळी काढून स्त्रियांना रंगमंचावर आणले, त्याला आता शतक होत आले. तरीही यात्रेतल्या गावनाटकांत 'नटी' बाहेरून, बिदागी देऊन आणण्याची रीत पुष्कळ वर्षे टिकली. गावच्या पोरीने तोंडाला रंग लावू नये, बाहेरच्या बाईने लावला तर चालेल, हा न्याय कांचनभटाला शोभणारा आहे. ज्या घरांत देशभरच्या मुलींसाठी पैंजण घडतात, त्याच घरांतल्या मुलींनी शारदा आणि वल्लरी व्हावे.

तसे व्हायचे तर तालमीची वेळ आधी बदलावी लागेल. रात्री दहाला सुरू होऊन एकला सुटणारी तालीम पुरुषांच्या सोयीची. घरी बसून साखळी जोडणारी बाई दुपारी दोन तास काढू शकेल, पण तेवढ्या वेळेची तिची मजुरी बुडते. ती मंडळाच्या खर्चात पडद्याच्या आणि पेटीवाल्याच्या खर्चाआधी धरली पाहिजे. रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोलीहून येणाऱ्या मुलींना घरी पोहोचविण्याची जबाबदारी मंडळाने घ्यावी. पेटीची पट्टीही मुलींच्या गळ्याला मानवेल अशी लावावी, कोदंडाने आपला स्वर तिच्याशी जुळवून घ्यावा.