ऑनलाइन लिलावांतील नवखा बोलीदार

हिंगणघाटच्या बाजारांत व्यापारी कापूस हातांत घेऊन, धागा ओढून पाहतो आणि मगच बोली बोलतो. वर्ध्याचा एखादा गृहस्थ मात्र कर्जापोटीं बँकेनें ताब्यांत घेतलेल्या घरावर, तें न पाहतांच, पडद्यावरील आंकडा चढवीत जातो. तेथेंच, श्रोतेहो, घात होतो.

अशी विक्री २००२ च्या सरफेसी कायद्याखालीं होते. बोली मान्य होतांच, फार तर पुढल्या कामाच्या दिवशीं, अनामतीसह २५ टक्के रक्कम भरावी लागते. बाकीची विक्री कायम झाल्यावर साधारणतः १५ दिवसांत. ती चुकली तर भरलेला पैसाही जातो. कर्जाच्या भरंवशावर बोली करणाराची येथें त्रेधा उडते. शिवाय घर ‘जसें आहे तसें’ मिळावयाचें; थकलेली घरपट्टी, आंतील भाडेकरू, सारें त्यासकट!

शहाणा बोलीदार आधीं घर पाहतो, शेजाऱ्यांस विचारतो, कागदपत्रें वकिलास दाखवितो आणि थकबाकी व दुरुस्ती वजा घालून आपला शेवटचा आंकडा कागदावर लिहितो. अखेरच्या मिनिटास बोली टाकण्याची युक्ति येथें बहुधा फुकट जाते. तशी बोली येतांच मुदत वाढते. दुसऱ्याची बोली कागदावरील आंकड्यापलीकडे गेली, कीं तो पडदा मिटून जेवावयास उठतो.