साखर उतरली, पण धमनीचे काय?

(मासिक सभेत केलेल्या भाषणाचा थोडा संपादित मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी संख्याशास्त्राचा माणूस. औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासण्यात नोकरीची सव्वीस वर्षे गेली आणि गेली चौदा वर्षे मी स्वतः मधुमेही आहे. तेव्हा माझे ऐकून उद्या सकाळची गोळी कोणी परस्पर बंद करू नये. आपल्या डॉक्टरांना चार नेमके प्रश्न विचारता आले तर माझे बोलणे कामी आले असे मी समजेन.

गोष्ट २००४ सालची. माझा दादा इस्लामपूरला हायस्कूलमध्ये गणित शिकवायचा. त्याला मेटफॉर्मिन आणि ग्लिबेनक्लामाइड अशा दोन जुन्या, स्वस्त गोळ्या चालू होत्या. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.४ होती. मी न्यू जर्सीहून फोन कार्डावर त्याला सुनावत असे, "दादा, जग कुठे चाललंय आणि तू कसल्या जुनाट गोळ्या घेतोयस?" त्या वेळी रोझिग्लिटाझोन नावाचे औषध जोरात होते. शरीराला इन्शुलिन पुन्हा नीट 'ऐकू' यावे असे काम करणारे. भारतातही ते मिळत होते. दादाचे डॉक्टर फारसे उत्सुक नव्हते, पण अमेरिकेतला भाऊ म्हणतोय म्हटल्यावर त्यांनी लिहून दिले. सहा महिन्यांत आकडा ६.९ वर आला. दादाने मला पत्रातून त्याचा आलेखच काढून पाठवला, गणिताचा मास्तर शेवटी! त्याच पत्रात शेवटी एक ओळ होती, की वजन चार किलो वाढलेय आणि संध्याकाळी पाय सुजतात. आलेख मी टेबलासमोर लावला. त्या ओळीकडे लक्ष दिले नाही.

२००६ च्या दिवाळीत त्याला हार्ट अटॅक आला. कोल्हापूरला नेऊन अँजिओप्लास्टी करावी लागली.

पुढे मे २००७ मध्ये स्टीव्हन निसन आणि कॅथी वोल्स्की यांचा लेख आला. बेचाळीस चाचण्या एकत्र करून त्यांनी दाखवले होते, की रोझिग्लिटाझोन घेणाऱ्यांत हार्ट अटॅकची शक्यता सुमारे ४३ टक्क्यांनी जास्त दिसते. मी तो लेख ऑफिसात दार लावून वाचला. त्यातले कच्चे दुवेही मला दिसत होते. बऱ्याच चाचण्या लहान, थोड्या मुदतीच्या, अटॅकची संख्या कमी. नंतरच्या एका मोठ्या चाचणीत तेवढा धोका दिसला नाही, आणि युरोपने व भारताने २०१० मध्ये थांबवलेल्या या औषधावरचे अमेरिकेतले निर्बंध २०१३ मध्ये सैल झाले. मात्र शरीरात पाणी साठून हार्ट फेल्युअरचा धोका वाढतो याबद्दल वाद नाही. ती पायांची सूज हाच इशारा होता.

मग दादाचा अटॅक त्या गोळीमुळे आला का? त्याला तंबाखूचे व्यसन होते आणि वडीलही हृदयविकारानेच गेले होते. हजार माणसांबद्दल माझे शास्त्र बोलू शकते, एका माणसाबद्दल नाही. हे मी दुसऱ्यांना आयुष्यभर शिकवले. स्वतःच्या भावाच्या बाबतीत ते पचवायला फार जड गेले.

आता मुख्य मुद्दा. आपण साखरेच्या आकड्याला आजारच समजतो. पण मधुमेही माणूस बहुतेक वेळा साखरेने मरत नाही, रक्तवाहिन्यांच्या दुखण्याने मरतो. रक्तवाहिनीला आतून एका पेशीच्या जाडीचे अस्तर असते, एंडोथेलियम. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते, त्यामुळे वाहिनी सैलावते, रक्ताच्या गाठी सहज धरत नाहीत. (या वायूच्या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले.) साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की अस्तराचे हे काम मंदावते आणि भिंतीतली प्रथिने साखरेत माखून कडक होतात. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड आणि नसा यांच्या बारीक वाहिन्यांना याचा थेट फटका बसतो. हृदय, मेंदू आणि पाय यांच्या मोठ्या धमन्यांत मात्र साखरेच्या जोडीला कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि तंबाखू हेही येतात.

म्हणूनच नुसती साखर उतरवण्याचा फायदा दोन्हीकडे सारखा मिळत नाही. यूकेपीडीएस ही ब्रिटनमधली वीस वर्षे चाललेली चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. साखर अधिक काटेकोर ठेवल्यावर बारीक वाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटले. हार्ट अटॅकमधली घट १६ टक्के, पण ती योगायोगाची नव्हे असे छातीठोकपणे म्हणता येईना. त्याच चाचणीत रक्तदाब नीट सांभाळल्यावर पक्षाघात मात्र ४४ टक्क्यांनी कमी झाला! अमेरिकेतल्या अॅकॉर्ड चाचणीत तर १०,२५१ लोकांपैकी निम्म्यांची साखर ६ च्या खाली आणण्याचा जोरदार प्रयत्न झाला, आणि त्या गटात मृत्यू वाढले. २५७ विरुद्ध २०३. फेब्रुवारी २००८ मध्ये तो भाग थांबवावा लागला.

या सगळ्या गदारोळानंतर डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने नियम केला, की मधुमेहाच्या नव्या औषधाने साखर उतरवून भागणार नाही, हृदयाला अपाय करत नाही हेही दाखवावे लागेल. कंपन्यांनी खर्चाच्या नावाने पुष्कळ कुरकुर केली. आणि गंमत पाहा, अपाय नाही एवढेच सिद्ध करण्यासाठी काढलेल्या चाचण्यांत चक्क उपकार सापडले. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या ७,०२० लोकांच्या चाचणीचे निकाल आले. हृदयविकाराचे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी, हार्ट फेल्युअरसाठी भरती ३५ टक्क्यांनी कमी. हे औषध साखर लघवीवाटे बाहेर टाकते. साखरेत पडलेला फरक बेताचाच होता आणि फायदा काही महिन्यांतच दिसू लागला. एवढ्या लवकर धमनीतला थर वितळत नसतो. म्हणजे उपकार साखरेवाटे कमी आणि मीठ-पाणी उतरणे, हृदयावरचा आणि मूत्रपिंडावरचा ताण हलका होणे अशा वाटांनी जास्त असावा. पक्षाघात मात्र कमी झाला नाही.

दुसरा गट इंजेक्शनांचा. लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड वगैरे. यांचा फायदा सावकाश उमटतो, आणि तो अटॅक व पक्षाघातात जास्त दिसतो, म्हणजे धमनीच्या थरावर काही परिणाम होत असावा. २०२३ मध्ये तर मधुमेह नसलेल्या, पण वजनदार आणि आधीच हृदयविकार असलेल्या १७,६०४ लोकांतही सेमाग्लुटाइडने अटॅक, पक्षाघात आणि हृदयमृत्यू मिळून २० टक्क्यांनी घटले. पण आधीच्या एका चाचणीत डोळ्याच्या पडद्याचे त्रास वाढले होते, ३ टक्के विरुद्ध १.८. साखर एकदम वेगाने उतरल्याने असे होते, असा कयास आहे. तेव्हा हे इंजेक्शन सुरू करण्याआधी डोळे तपासून घ्यावेत.

आणि आमची जुनाट मेटफॉर्मिन? यूकेपीडीएसमध्ये वजनदार रुग्णांत तिने हार्ट अटॅक ३९ टक्क्यांनी कमी केले. पण तो गट होता अवघा ३४२ जणांचा. पेटंट नसलेल्या गोळीची हजारो लोकांवर चाचणी काढण्यात फारसे कोणाला स्वारस्य नसते, हे आपण ओळखून असावे. कोणी विचारील, मग जांभळाच्या बियांचे चूर्ण का नको? मेटफॉर्मिनचे मूळही एका युरोपीय वनस्पतीतच आहे. तिच्यातले रसायन शोधले, त्यात बदल केले, चाचणी घेतली, मग ती गोळी झाली. चूर्णानेही तीच परीक्षा द्यावी, माझी हरकत नाही.

आपल्या मंडळींबद्दल थोडेसे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. "मी तर बारीक आहे" म्हणणाऱ्या आपल्यातल्या प्रत्येकाने हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. आणि चतुर्थी-एकादशी करणाऱ्यांनो, लघवीवाटे साखर टाकणारी गोळी घेऊन कडक उपास केला तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्ल साठू शकते. श्रद्धेचा वाद पुढच्या सभेत घालू, पण उपासाआधी डॉक्टरांना फोन कराच.

दादा २०१६ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने गेला. आता वहिनींनाही मधुमेह आहे. मागच्या महिन्यात त्यांचा व्हॉट्सॲपवर फोन आला, "भावजी, ते वजन उतरवायचं इंजेक्शन म्हणे फार चांगलं आहे, मी घेऊ का?" मी विचारले, डोळे कधी तपासलेत? लघवीतले प्रथिन? रक्तदाब किती असतो? कोलेस्टेरॉलची गोळी नियमित घेता का? त्यांना फक्त साखरेचा आकडा पाठ होता. म्हटले, आधी बाकीचे चार आकडे काढा, ते घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, आणि ते काय म्हणतात ते मला कळवा. आणि वहिनी, पायाला सूज आहे का?

थोडी आहे म्हणाल्या. शुक्रवारची अपॉइंटमेंट मिळाली आहे.